सहावीतल्या पोरीला स्वतःचा लॅपटॉप द्यावा का? घरात एकमत होत नाहीये

दारव्हेकरीण
नमस्कार सर्वांना. लांब लिहिते आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्ही तरी सल्ला कसा देणार. मुलगी सहावीत आहे, अकरा वर्षांची, गावातल्याच जिल्हा परिषद शाळेत जाते. दारव्ह्यापासून आत आहे आमचं गाव. माझा भाऊ पुण्याला नोकरीला आहे, त्यानं नवीन लॅपटॉप घेतला आणि जुना भाचीसाठी पाठवतो म्हणाला, आणि हे त्यानं फोनवर थेट तिलाच सांगितलं, आता ती रोज विचारते मामाचं पार्सल कधी येते. शाळेत मागे एक सर आले होते त्यांनी संगणकावर स्क्रॅच दाखवलं होतं, आपण ठोकळे जोडायचे आणि मांजर चालते बोलते, ते तिच्या डोक्यात असं बसलं आहे की वहीच्या मागच्या पानावर तिनं ठोकळे काढून ठेवले आहेत, इथं मांजर थांबेल, इथं उडी मारेल असं सगळं.

घरात मात्र तीन मतं. यांचं म्हणणं दहावी होऊ द्या मग बघू. सासूबाईंचं म्हणणं पोरीच्या जातीले कायले पाहिजे. मोठे दीर म्हणतात येऊ द्या पण घरचा म्हणून ठेवा, त्यांचा मुलगा आठवीत आहे, त्यालाही अभ्यासाला होईल. मला वाटतं तिला मिळावा. पण शेजारचा मुलगा रात्री दोन दोन वाजेपर्यंत मोबाईलमध्ये असतो आणि सकाळी शाळेत जायला उठत नाही, ते रोज बघते, त्यामुळं भीतीही तेवढीच वाटते. ज्यांच्या घरी या वयाची लेकरं आहेत त्यांनी खरंखरं सांगा. शहरातले सल्ले वाचले मी, त्यात राउटरला टाइमिंग लावा, मुलाच्या खोलीत ठेवू नका असं असते. आमच्याकडं राउटर नाही आणि लेकरांची वेगळी खोलीही नाही.

संत्राबाग
ताई, देऊ नका. वरूडकडचा आहे मी. माझ्या पुतण्याला बाराव्या वर्षी घेऊन दिला होता, स्वतःचा म्हणूनच. पहिले काही दिवस सगळ्यांना बोलावून बोलावून दाखवायचा, मग गेम सुरू झाले, मग माडीवर बसायला लागला. विचारलं की म्हणायचा माझा आहे ना, तुम्हाला काय करायचं. मालकी आली की विचारणं बंद होते, ते मी पाहिलं आहे. काढून घेतला तर दोन दिवस जेवला नाही. एकदा दिलेली वस्तू काढून घेणं हे न देण्यापेक्षा फार कठीण जाते, घरात सगळ्यांनाच. दहावी होऊ द्या हे तुमचे मालक म्हणतात ते बरोबर आहे.

कापूसवाला
मी तं हिशोबाचं सांगतो. फुकटात आलेला लॅपटॉप फुकट नसते ताई. जुना हाये म्हणजे बॅटरी गेली असन, ते दोन-तीन हजार धरा. चार्जर खराब झाला तं यवतमाळले जा. कीबोर्डवर पाणी सांडलं तं झालंच. नवीन घ्यायचा म्हटला अन् साधासुधा 35 हजाराचा धरला, तं सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव होता 5328, म्हणजे साडेसहा क्विंटल सोयाबीन होते, तेबी हमीभाव भेटला तं. कोरडवाहू वावरात एका एकराची झडती गेली त्याच्यात. म्हणून मामा देऊन रायला तं घ्या, नाही म्हणू नका, पण तो मोडला तं दुसरा लगेच येनार नाही हे पोरीले पहिल्याच दिवशी समजावून सांगा. लेकरं समजतात. आपणच त्यायले सांगत नाही.

गुरुजी_पुसद
मी शिक्षक आहे, पाचवी ते आठवी शिकवतो, म्हणून शाळेच्या बाजूनं लिहितो.

पहिली गोष्ट, अभ्यासासाठी लॅपटॉप लागतोच हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. नवोदयची परीक्षा पाचवीतली मुलं देतात, 80 प्रश्न, दोन तास, सगळं कागदावर, उत्तरपत्रिकेत गोळे काळे करायचे. आठवीतली एनएमएमएस, ज्यात वर्षाला 12000 रुपये शिष्यवृत्ती मिळते, तीही कागदावरच. दोन्हीला गणित आणि बुद्धिमत्तेचा सराव लागतो, तो वहीत होतो. आठवीतला पुतण्या आहे म्हणून हे मुद्दाम लिहिलं, त्याच्या या वर्षाच्या परीक्षेसाठी लॅपटॉप अडलेला नाही. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड मोबाईलवर स्कॅन केला की दीक्षा ॲपवर पाठाचे व्हिडिओ उघडतात, त्यालाही मोबाईल पुरतो.

मग लॅपटॉप कशासाठी? तर तुमच्या मुलीला जे करायचं आहे नेमकं त्यासाठी. मोबाईल हे पाहायचं यंत्र झालं आहे, लेकरू बोट सरकवते आणि पाहत जाते. बनवायचं असेल तर कीबोर्ड आणि मोठा पडदा लागतो. नवीन शैक्षणिक धोरणात (2020 चं) सहावीपासून कोडिंग आणायचं म्हटलं आहे, पण माझ्या शाळेतले संगणक किती चालू आणि किती बंद हे मला माहीत आहे, त्यामुळं शाळेत होईल म्हणून वाट पाहा असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. वहीच्या मागच्या पानावर ठोकळे काढणारी पोरगी माझ्या वर्गात असती तर मी स्वतः घरी येऊन सांगितलं असतं की द्या.

दुसरं म्हणजे एकटीला बसवू नका. 1999 मध्ये सुगाता मित्रांनी दिल्लीत कालकाजीला झोपडपट्टीला लागून असलेल्या भिंतीत संगणक बसवला होता, शिकवायला कुणी नाही, तरी मुलं वापरायला शिकली, आणि घोळक्यानं शिकली, एक जण चालवणार आणि चार जण मागून सांगणार. वर्गात मीही हेच पाहतो. तिच्या दोन मैत्रिणींना रविवारी घरी बोलवा, एका लॅपटॉपवर तिघी बसल्या की रील पाहणं होत नाही, काहीतरी बनतेच.

दारव्हेकरीण
गुरुजी, मैत्रिणींचं डोक्यातच आलं नव्हतं. संत्राबाग दादा, माडीवरचं वाचून पोटात गोळा आला, पण खरं लिहिलं म्हणून बरं वाटलं. आमच्याकडं माडी नाही, मधलं घर आणि समोरची ओसरी. पण घरचा की तिचा हा प्रश्न तसाच आहे. मला वाटून रायलं की घरचा म्हणून ठेवला तर वाद मिटेल.

रातराणी
ताई थांबा. घरचा म्हणून ठेवला तर तो कोणाचा होईल ते मी सांगते.

आमच्या घरी बाबांनी कॉम्प्युटर आणला होता, टेबलावरचा, मी सातवीत होते. सगळ्यांसाठी आणला म्हणाले आणि मनापासूनच म्हणाले असतील. पण मी शाळेतून आले की आधी भांडी, मग सडा, मग लहान्याला घ्यायचं, आणि माझं आवरेपर्यंत दोन्ही भाऊ त्याच्यासमोर बसलेले असायचे. उठा म्हटलं की अभ्यास सुरू आहे म्हणायचे. आईकडं गेलं की आई म्हणायची जाऊ दे ना, तुला काय काम आहे त्याचं. कुणी मला मनाई केली नव्हती. मनाई करायची गरजच पडली नाही. लग्न झाल्यावर एमएससीआयटीला बसले तेव्हा माउस धरताना हात थरथरत होता माझा आणि शेजारी बसलेली पोरं माझ्यापेक्षा किती लहान.

म्हणून माझं ठाम मत, तो लॅपटॉप मुलीचाच असू द्या. मामानं भाचीला दिला आहे, भाचीचा आहे. दीरांच्या मुलाला वापरायचा असेल तर त्यानं तिला विचारून वापरावा. आठवीतल्या मुलानं सहावीतल्या बहिणीला विचारायचं ही सवय लागली तर त्याचंही भलंच होईल. घरचा म्हणून ठेवलात तर एका महिन्यात तो त्याचा होईल आणि तुमच्या मुलीच्या वाट्याला तो झोपल्यावरची वेळ येईल, म्हणजे ज्या वेळेची तुम्हाला भीती वाटते तीच वेळ.

संत्राबाग
रातराणी ताई, तुमचं दुःख समजते. पण मालकी दिली की कोण काय करते ते कुणाला कळत नाही त्याचं काय? पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीनं 2022 मध्ये ठरावच केला होता ना 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंद म्हणून. यवतमाळ जिल्ह्यातलंच गाव आहे. गाव एवढं टोकाला जाते म्हणजे काहीतरी त्रास असेलच ना.

रातराणी
त्रास आहेच, नाही कोण म्हणते. पण सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे, त्यांनीही 2022 लाच सुरू केलं, संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास सगळ्या गावाचे टीव्ही मोबाईल बंद, मोठ्यांचे पण. मला ते जास्त पटते, कारण त्यात बापानंही मोबाईल खाली ठेवायचा आहे. आणि दादा, तिचा असणं वेगळं आणि तिनं एकटीनं कोपऱ्यात घेऊन बसणं वेगळं. माझी सायकल माझीच होती पण रात्री एकटी घेऊन जायची परवानगी नव्हती मला, त्यानं ती भावाची झाली नाही. तुमच्या पुतण्याचं बिघडलं ते माडीमुळं असं मला वाटते. लॅपटॉप त्याचा होता म्हणून नाही.

सिंदेवाही_ते_पुणे
मी याच कामात आहे, गाव सिंदेवाही. टेक्निकल तेवढं लिहितो.

भावाला विचारा मॉडेल कोणतं. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही, अशा मशीनवर सरळ लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम) टाकून घ्या, फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकं चालते. पुण्याहून पाठवायच्या आधीच भावाला टाकायला लावा आणि त्याचा सगळा जुना डेटा, सेव्ह केलेले पासवर्ड, बँकेचं जे काय असेल ते पूर्ण पुसून पाठवायला सांगा. हे लोक विसरतात.

खाती तीन करा. ॲडमिनचं, म्हणजे सगळा ताबा असलेलं, तुमचं, पासवर्ड फक्त तुम्हाला. मुलीचं साधं खातं, त्यात तिला तुमच्याशिवाय सिस्टिममध्ये नवीन सॉफ्टवेअर टाकता येणार नाही. आणि चुलतभावाचं वेगळं साधं खातं. हे तिसरं फार महत्त्वाचं आहे, रातराणी ताईंच्या मुद्द्याला धरूनच सांगतो. एकच खातं असलं आणि आठवीतल्या पोरानं काही नको ते उघडलं तर ते सापडेल मुलीच्या नावावर, बोलणी तीच खाईल आणि लॅपटॉपही तिचाच बंद होईल.

तुम्ही म्हणता राउटर नाही. ताई हे तर तुमच्या फायद्याचं आहे. लॅपटॉपला नेट मिळणार तुमच्या मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून, म्हणजे तुम्ही चालू केलं तर चालू, वावरात गेल्या तर नेट तुमच्यासोबत वावरात. शहरात आईबाप ॲप विकत घेऊन जे करतात ते तुमच्याकडं आपोआप होते. हॉटस्पॉटचा पासवर्ड तिच्या लॅपटॉपमध्ये सेव्ह असला तरी हरकत नाही, बटण तुमच्याकडं आहे. फक्त ते कनेक्शन मीटर्ड (म्हणजे डेटा जपून वापरायचा) म्हणून लावून ठेवा, नाहीतर अपडेट येऊन दिवसाचा दीड-दोन जीबी डेटा सकाळीच संपून जाईल आणि तुमचा मोबाईल दिवसभर रिकामा. फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या ॲपच्या भरवशावर राहू नका, ते अँड्रॉइड फोन आणि क्रोमबुकसाठी आहे, विंडोज किंवा लिनक्सच्या लॅपटॉपवर त्याचा पूर्ण ताबा राहत नाही.

नेट नसताना करायला भरपूर आहे. स्क्रॅच डाउनलोड करून ऑफलाइन चालते (लिनक्स असेल तर भावाला तिथूनच टाकून चालवून पाहायला सांगा, थोडी खटपट लागते). बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, पहिली ते बारावी. किविक्स नावाचं सॉफ्टवेअर आहे त्यात अख्खा मराठी विकिपीडिया उतरवून ठेवता येतो, नंतर एक एमबी डेटा लागत नाही. चित्रासाठी टक्स पेंट, मोठी झाली की क्रिता. टायपिंग मात्र पहिल्या दिवसापासून दहा बोटांनी, मराठीचंही. दोन बोटांची सवय लागली की सुटत नाही.

आशाताई_मेहकर
तब्येतीचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं, 2021 ला स्क्रीनबद्दल सूचना काढल्या, त्यात 5 ते 10 वर्षांच्या मुलांना दिवसाला दोन तासांच्या आत असं आहे, आणि त्याहून मोठ्यांना तासांपेक्षा झोप, खेळणं, अभ्यास, घरच्यांसोबतचा वेळ हे बुडता कामा नये असं आहे. तुमची अकराची आहे, तर हेच पाहा की ती बाहेर खेळते का आणि झोपते किती. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद पाहायचं, डोळ्यांना आराम पडतो. ओसरीत बसली तर समोरचं झाड पाहील. पलंगावर लोळून मांडीवर लॅपटॉप नको, पाट घेऊन खाली मांडी घालून बसली आणि लॅपटॉप डब्यावर उंच ठेवला तरी मान वाकत नाही.

आणि ताई, तिला हे आधीच सांगून ठेवा की नेटवर कुणी अनोळखी बोललं, फोटो मागितला, काही घाण दाखवलं, तर येऊन सांग, लॅपटॉप काढून घेणार नाही. हे शब्द असेच सांगा. आमच्या कामात मी पाहते, मुली सांगत नाहीत कारण सांगितलं की पहिली शिक्षा त्यांनाच होते, मोबाईल बंद, कधी शाळाही बंद. मग त्या गप्प राहतात आणि समोरच्याचं फावते. लेकरांची हेल्पलाइन 1098 आहे, ऑनलाइन फसवणुकीला 1930. दोन्ही भिंतीवर लिहून ठेवा.

संत्राबाग
आशाताईंनी लिहिलं ते वाचून थोडा वेळ थांबलो. आम्ही पुतण्याला असं काही सांगितलं नव्हतं. त्याच्यावर फक्त ओरडणंच झालं. तरी माझं म्हणणं आहे, अकराव्या वर्षी लवकर होते. पण द्यायचाच असेल तर ओसरीवर, सगळ्यांच्या येण्याजाण्यात, यावर तरी कुणाचं दुमत नसावं.

कापूसवाला
उन्हाळ्याचं कोनी बोललं नाही. मे महिन्यात आपल्याइकडं 45 च्या वर जाते, अन् लॅपटॉप बनवनारे 35 पर्यंतच वापरा म्हनतात. टिनाच्या खोलीत दुपारी ठेवला तं बॅटरी फुगते, माया भाच्याची फुगली होती, पार टचपॅड वर आलं होतं. फुगलेली दिसली तं दाबू नका, चार्जिंगले लावू नका, सरळ बदलून घ्या. दुपारी बारा ते पाच बंद करून मातीच्या घरात ठेवा, नाहीतं कपाटात. अन् पावसाळ्यात आभाळ गरजलं की चार्जर काढून ठेवायचा, पिन सॉकेटात राहू द्यायची नाही.

दारव्हेकरीण
सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं, आणि काल रात्री जेवणं झाल्यावर घरात बसून बोललो. रातराणी ताईंची पोस्ट मी मोठ्यानं वाचून दाखवली, नाव न सांगता. सासूबाई काही बोलल्या नाहीत आधी, मग म्हणाल्या माह्या वक्ताले तं पाटी बी भावाचीच होती. मोठे दीर म्हणाले वेगळं खातं देत असाल तर माझं काही म्हणणं नाही, पोरगा विचारून घेईल. यांचा अजून पूर्ण होकार नाही, त्यांना रात्रीची भीती आहे आणि ती भीती मला चुकीची वाटत नाही. शेवटी असं ठरलं, लॅपटॉप तिचा. राहील मधल्या घरात, ओसरीत आणला तर चालेल, पण भिंतीकडं पाठ करून बसायचं नाही, पडदा सगळ्यांना दिसला पाहिजे. रात्रीच्या जेवणाआधी बंद, आणि तेव्हा आमचे मोबाईलही फडताळात, हे तिनंच मागितलं आणि यांनी मान्य केलं. हॉटस्पॉट माझा. भावाला मॉडेल विचारलं, प्रोसेसर सहाव्या पिढीचा निघाला, म्हणजे लिनक्स मिंटच टाकून पाठवतो म्हणाला, स्क्रॅच टाकून.

हे म्हणाले सहामाही परीक्षेपर्यंत पाहू आणि मग परत बसू. मी म्हटलं बसू, पण काढून घ्यायचा म्हणून बसायचं नाही, वेळ कमी-जास्त करायचा म्हणून बसू. मुलीला हे सगळं तिच्यासमोरच सांगितलं. तिनं विचारलं दादानं विचारलं आणि मी नाही म्हटलं तर चालेल का. मी म्हटलं तुझं काम सुरू असेल तर चालेल, उगाच नाही म्हणायचं नाही.

एक विचारायचं राहिलं. मधल्या घरातला बोर्ड जुना आहे, दोन पिनचाच, आणि भावाचा चार्जर तीन पिनचा आहे. बाजारात कन्व्हर्टर मिळते ते लावलं तर चालेल ना?

सिंदेवाही_ते_पुणे
कन्व्हर्टर लावू नका ताई. त्यानं अर्थिंगची पिन नुसती लटकते, लॅपटॉपचं झाकण धातूचं असेल तर हाताला मुंग्या आल्यासारखा करंट लागतो. वायरमनला बोलवून तीन पिनचा सॉकेट बसवून घ्या. व्होल्टेज कमी-जास्त झालं तर त्याचा फार त्रास नाही, चार्जर 100 ते 240 व्होल्टपर्यंत चालते, त्यावर लिहिलेलं असेल, पाहून घ्या.

कापूसवाला
अन् सॉकेट बसवला म्हणजे अर्थिंग आलं असं नसते. गावात कित्येक घरी मीटरपाशी तारच नाही जोडून. वायरमन आला की त्याले टेस्ट लॅम्पनं पाहायले लावा, फेज अन् अर्थिंगमंधी बल्ब लागला पाहिजे. नाही लागला तं आंगनात खड्डा करून कोळसा-मीठ टाकून नवीन अर्थिंग करून घ्या. त्याले काही फार पैसे लागत नाही.

दारव्हेकरीण
शनिवारी वायरमनला बोलावते. पार्सल आलं की मग मिंटवर मराठी कीबोर्ड कसा लावायचा ते विचारीन, गुरुजी म्हणाले तसं तिच्या दोन मैत्रिणींनाही रविवारी बोलावीन, त्यातली एक टायपिंग आधीच शिकून रायली आहे तालुक्याला.